डायलिसिस सुरू होण्याआधीच किडनी ट्रान्सप्लांट करता येतं का?

सांगली जिल्ह्यातल्या एका तरुणाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील ५७ वर्षांचे, शिक्षक, निवृत्तीला एक वर्ष बाकी. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक) गेल्या वर्षी ३.४ होतं, आता ४.६ आहे. लघवी नीट होते, रोज शाळेत जातात, जेवण थोडं कमी झालंय इतकंच. हिमोग्लोबिन ८.२. डॉक्टरांनी हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया लावता याव्यात म्हणून हातातली धमनी आणि शीर जोडायचं छोटं ऑपरेशन) करून घ्यायला सांगितलं आहे. आई किडनी द्यायला तयार आहे, पण वडिलांचा रक्तगट ए आणि आईचा बी. मुलाचा ओ आहे, तोही तयार आहे, पण वडील म्हणतात, ‘पोराची किडनी घेणार नाही.’ आणि डायलिसिस सेंटरमध्ये कुणीतरी सांगितलं की आधी निदान तीन महिने डायलिसिस करावंच लागतं, त्याशिवाय ट्रान्सप्लांटला नंबर लागत नाही. हे खरं आहे का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करायची, असा प्रश्न आहे.

घरातला दाता असेल तर हे खरं नाही. जिवंत दात्याकडून किडनी घ्यायची असेल तर एकदाही डायलिसिस न करता ट्रान्सप्लांट करता येतं. याला आम्ही प्री-एम्प्टिव्ह ट्रान्सप्लांट म्हणतो, आणि रुग्ण त्यासाठी योग्य असेल व दाता मिळत असेल तर पहिली पसंती यालाच द्यावी असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. तीन महिन्यांची अट आली कुठून? ती ब्रेनडेड दात्याच्या किडनीसाठी असलेल्या प्रतीक्षा यादीची आहे. त्या यादीत नाव घालायला नियमित डायलिसिस तीन महिन्यांहून जास्त चाललेलं असावं असा निकष आहे, आणि डायलिसिसवर जितका काळ गेला त्याचे गुणही मिळतात. किडन्या थोड्या, माणसं जास्त, म्हणून तिथे असा काहीतरी क्रम लावावाच लागतो. तुमच्या आईची किडनी मात्र कुठल्याही यादीत जात नाही, ती फक्त तुमच्या वडिलांसाठी आहे. पण डायलिसिस सेंटरमध्ये बसलेल्या बहुतेकांचा अनुभव यादीचा असतो, त्यामुळे यादीचा नियम सगळ्यांनाच लागू आहे असं वाटून तोच पुढे सांगितला जातो.

डायलिसिस टाळल्याने मिळतं काय? हार्ट, रक्तवाहिन्या, हाडं यांच्यावरचा ताण कमी राहतो. डायलिसिससाठी मानेतल्या शिरेत घालतात त्या नळीचे, म्हणजे कॅथेटरचे, इन्फेक्शन टळतात. नोकरी सुटत नाही, आणि हे मी फार वरचं कारण मानतो. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मशीनवर आणि वर जाण्या-येण्याचा वेळ, यात बऱ्याच जणांची नोकरी वर्षभरात जाते आणि मग ट्रान्सप्लांटसाठी साठवलेला पैसाही घरखर्चात जातो. २००१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास आला होता. त्यात डायलिसिसआधीच जिवंत दात्याची किडनी मिळालेल्यांमध्ये पहिल्या वर्षी ती निकामी होण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांनी कमी दिसलं. हा आकडा मी रुग्णांना जसाच्या तसा विकत नाही. ज्यांना डायलिसिसआधी किडनी मिळते ती माणसं बहुधा आधीपासूनच जास्त सधन, जास्त शिकलेली आणि डॉक्टरकडे वेळेवर पोचलेली असतात, त्यामुळे फरकातला काही वाटा त्याचाही आहे. तरीही आकडा अर्धा केला तरी दिशा बदलत नाही. जितकी वर्षं डायलिसिसवर जातात तितका निकाल उतरतो, हे पुढेही अनेकदा दिसलं आहे.

आता तुमच्या हातात वेळ किती आहे ते बघू. ५६-५७ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन ३.४ म्हणजे ईजीएफआर (किडनी किती काम करते हे सांगणारा आकडा, जितका कमी तितकी किडनी कमजोर) साधारण २०, आणि ४.६ म्हणजे साधारण १४. वर्षात सहा गेले. याच गतीने उतरत राहिलं तर ८ ते १० वर यायला आठ-दहा महिने, फार तर वर्ष. हा हिशोब सरळ रेषेचा आहे आणि किडनी सरळ रेषेत वागत नाही. एखादं जुलाबाचं आजारपण, दुखण्यावर घेतलेल्या चार पेनकिलर किंवा कुणीतरी आणून दिलेला ‘किडनी साफ करणारा’ काढा, एवढ्यावरही सहा महिन्यांची घसरण पंधरा दिवसांत होते. म्हणून मी तुम्हाला सहा महिने धरून चालायला सांगेन.

यात एक गोष्ट उलटी वाटेल. ऑपरेशनची घाई नाही. ईजीएफआर १४ असताना, तब्येत बरी असताना ट्रान्सप्लांट केलं तर वडिलांच्या स्वतःच्या किडनीचे उरलेले महिने वाया जातात आणि आईच्या किडनीचं आयुष्य मात्र त्या दिवसापासून खर्ची पडायला लागतं. साधारण १० च्या खाली किंवा त्याआधीच त्रास सुरू झाला तर, ही वेळ बरोबर. घाई आहे ती तयारीची. रुग्णाच्या तपासण्या, आईच्या तपासण्या, रक्तगटाचा मार्ग, कागदपत्रं, पैसे हे सगळं जमवायला चार ते सहा महिने सहज जातात, आणि मध्ये कुठे अडलं तर जास्त. १४ वर सुरू केलं तर ९ वर ऑपरेशनची तारीख मिळते. ९ वर सुरू केलं तर डायलिसिस आधी येतं. खरं तर २० च्या आसपासच ही बोलणी व्हायला हवी होती. तुम्हाला त्या वेळी कुणी सांगितलं नसेल तर नवल नाही. आपल्याकडे डायलिसिसची मशीन तालुक्याला पोचली आहेत, सरकारी योजनेत ते फुकटही होतं, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. ट्रान्सप्लांट सेंटर मात्र मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा मोजक्या शहरांत. जी वाट दाराशी आहे तिकडेच माणूस ढकलला जातो. ‘आधी चार डायलिसिस करू, तब्येत सुधारली की बघू’ हे वाक्य वाईट हेतूने कुणी म्हणत नाही, पण त्यात एक वर्ष कधी निघून जातं ते कळत नाही.

याच्या जोडीला आणखी एक सांगून ठेवतो. क्रिएटिनिन अमुक झालं म्हणून डायलिसिस सुरू करायचं असं नसतं. २०१० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात लवकर डायलिसिस सुरू केलेले आणि लक्षणं दिसेपर्यंत थांबलेले यांच्या जगण्यात फरक पडला नाही. पोटॅशियम आटोक्यात आहे, फुप्फुसात पाणी नाही, उलट्या नाहीत, माणूस जेवतोय, तर नुसत्या आकड्याला घाबरून मशीनवर जायचं कारण नाही. या थांबण्याच्या काळातच ट्रान्सप्लांट बसवायचं असतं. पण पोटॅशियम ६.५ झालं किंवा रात्री झोपल्यावर दम लागू लागला तर हट्ट करू नका. दोन-चार डायलिसिस करून ट्रान्सप्लांट झालं म्हणून काही बुडत नाही.

तुम्ही आजाराचं कारण लिहिलेलं नाही, आणि मी पहिला प्रश्न तोच विचारेन. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत गाठी असतील, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी असेल, तर तो आजार मुलांना मिळण्याची शक्यता निम्मी असते. तसं असेल तर तुमची तपासणी झाल्याशिवाय तुम्ही दाता म्हणून विचारातही घेतले जाणार नाही. लहानपणापासून खडे होत असतील तर प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया नाही ना हे बघावं लागतं. तो आजार लिव्हरमधला असतो आणि नवीन किडनीही तो खाऊन टाकतो. किडनीच्या गाळण्या खराब करणारा एफएसजीएस नावाचा आजार काही रुग्णांत ट्रान्सप्लांटनंतर दिवसांत परत येतो. ल्युपस (शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार) पेटलेला असेल, किडनीच्या गाळणीवरच हल्ला करणारी अँटी-जीबीएम अँटीबॉडी रक्तात असेल, टीबी किंवा कॅन्सरचा उपचार चालू असेल, तर डायलिसिस करावं लागलं तरी थांबणं शहाणपणाचं. कारण न शोधता ‘दोन्ही किडन्या फेल’ एवढ्यावर ट्रान्सप्लांट करणारा डॉक्टर भेटला तर मी दुसरा डॉक्टर बघेन.

वडिलांच्या तपासण्यांत टूडी इको, हार्टची तपासणी, ओटीपोटातल्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (नवीन किडनी तिथेच, उजव्या बाजूला खाली जोडतात, जुन्या बहुधा तशाच राहतात), प्रोस्टेट, छातीचा एक्स-रे, एचआयव्ही-हेपॅटायटिस, दात असं बरंच येतं. यात डायलिसिसवर नसलेल्या रुग्णासाठी एक खास खड्डा आहे. हार्टची अँजिओग्राफी करताना जो डाय टोचतात तो उरलेल्या किडनीला झेपेलच असं नाही. गरज असेल तर करावीच लागते, पण ती करणाऱ्या कार्डिओलॉजिस्टला ‘हे डायलिसिसवर नाहीत आणि आम्हाला ते टाळायचंय’ हे आधी सांगा. डाय कमीत कमी वापरता येतो, तारीख पुढे ढकलता येते, काही वेळा दुसऱ्या तपासणीवर भागतं.

हिमोग्लोबिन ८.२ आहे, म्हणून कुणीतरी ‘दोन बाटल्या रक्त चढवून घ्या’ म्हणेल. जीवावर बेतलं नसेल तर घेऊ नका. दुसऱ्याच्या रक्तातून शरीराला परक्या पेशींची ओळख होते, त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, आणि मग ऐन वेळी क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटीबॉडी आहेत का ही तपासणी) पॉझिटिव्ह येऊन ठरलेला दाता हातचा जातो. लोह तपासा, शिरेतून लोह द्या, रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन द्या. महिना-दीड महिन्यात फरक दिसतो. (रुग्ण बाई असेल आणि दाता नवरा किंवा मूल असेल तर हाच प्रश्न बाळंतपणातूनही येतो. मूल पोटात असताना त्याच्या पेशींवरच्या, वडिलांकडून आलेल्या खुणांची ओळख आईच्या शरीराला झालेली असते. अशा घरात अँटीबॉडीची तपासणी सगळ्यात आधी करावी.) हेपॅटायटिस बीची लस आत्ताच सुरू करा, दुप्पट डोसने. किडनी जितकी जास्त शिल्लक तितकी लस चांगली लागते, आणि ट्रान्सप्लांटनंतर ती तितकी धरत नाही.

आता रक्तगटाकडे येतो. ए आणि बी म्हटल्यावर बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो, पण तो संपायला नको. तीन वाटा आहेत.

पहिली स्वॅप. तुमच्यासारखंच दुसरं एक घर शोधायचं, जिथे रुग्ण बी आहे आणि दाता ए. तुमची आई त्यांना देते, त्यांचा दाता तुमच्या वडिलांना. २०११ च्या कायदा-दुरुस्तीने याला स्पष्ट मान्यता दिली आहे. दोन्ही दाते आपापल्या रुग्णाचे कायद्याने जवळचे नातेवाईक हवेत आणि अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या कमिटीची परवानगी लागते. दोन्हीकडची ऑपरेशनं एकाच वेळी होतात, म्हणजे कुणी मध्येच मागे फिरण्याचा प्रश्न येत नाही. ए रुग्ण-बी दाता ही जोडी स्वॅपमध्ये सगळ्यात सुटसुटीत, कारण समोरची उलटी जोडीही तितकीच अडलेली असते आणि दोघांनाही एकमेकांची गरज असते. ओ गटाच्या रुग्णाचं खरं अवघड असतं, त्याला ओच लागतो आणि ओ दाता बहुधा स्वतःच्या माणसाला थेट देऊन मोकळा होतो. म्हणून नाव लवकर नोंदवा, आणि एकाच हॉस्पिटलच्या ओळखीवर थांबू नका. अहमदाबादच्या किडनी इन्स्टिट्यूटने अशा अदलाबदली मोठ्या संख्येने केल्या आहेत, मुंबईतही अशी नोंदणी चालते.

दुसरी, रक्तगट न जुळताही आईचीच किडनी बसवणं. वडिलांच्या रक्तातल्या बी-विरुद्धच्या अँटीबॉडी आधी औषधाने आणि प्लाझ्मा बदलून कमी करतात. त्या किती आहेत हे टायटर नावाच्या साध्या तपासणीत कळतं, ती पहिल्याच भेटीत करून घ्या. दुसरा आकडा जितका मोठा तितक्या अँटीबॉडी जास्त; १:३२ आलं तर काम सोपं, १:५१२ आलं तर बहुतेक जण स्वॅपकडेच वळतील. निकाल आता चांगले आहेत, पण खर्च काही लाखांनी वाढतो आणि सुरुवातीच्या महिन्यांत इन्फेक्शनचा धोका जास्त असतो. स्वॅप दोन-तीन महिन्यांत जमत असेल तर मी स्वॅप निवडेन. ईजीएफआर ७ वर आलं आणि जोडी सापडत नसेल तर हा पर्याय घेईन.

तिसरी वाट तुम्ही स्वतः. ओ गट, थेट देता येईल. वैद्यकीयदृष्ट्या सोपं हेच, तरी मी आधी आईचाच विचार करेन, आणि ते वडिलांच्या भावनेसाठी नाही. पन्नाशीतल्या निरोगी दात्याला पुढे काय होणार याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. तिशीच्या आत-बाहेरच्या मुलापुढे पन्नास वर्षं आहेत, घरात किडनीचा आजार आहे, आणि त्याला चाळिशीत बीपी किंवा मधुमेह होईल का हे आज कुठलीही तपासणी सांगत नाही. शिवाय १५-२० वर्षांनी वडिलांना दुसऱ्या किडनीची गरज पडली तर तेव्हा बोलता येईल. ‘पोराची घेणार नाही’ म्हणणाऱ्या बापाशी मी वाद घालत नाही. आईच्या वाटेने काही जमलं नाही तर तोच माणूस पुन्हा विचार करतो, पण तो त्याने स्वतःहून करावा.

आईच्या तपासण्यांमागचा विचार एवढाच असतो की एक किडनी काढल्यावर तिचं पुढचं आयुष्य निभावेल का. दोन्ही किडन्यांचं काम वेगवेगळं मोजणारा डीटीपीए स्कॅन, रक्तवाहिन्यांचा सीटी, लघवीतली प्रथिनं, साखरेची पूर्ण चाचणी, बीपी, हार्ट, आणि या वयात स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी. मधुमेह निघाला तर बहुधा नाही. एका गोळीवर आटोक्यात असलेलं बीपी निघालं तर नाही म्हणायलाच हवं असं नाही. दोन किडन्यांत जी जास्त चांगली ती नेहमी दात्याकडे ठेवायची, हा नियम. दोन्ही सारख्या असतील तर डावी काढतात, कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. ऑपरेशन आता दुर्बिणीतून होतं, तीन-चार दिवसांत घरी. धोका नाही असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदीत दात्याच्या मृत्यूचं प्रमाण १०,००० मागे साधारण ३ होतं, अलीकडे त्याहून कमी झालं आहे. पुढे आयुष्यात स्वतःची किडनी निकामी होण्याची शक्यता तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या माणसापेक्षा जास्त असते. ती एकंदरीत लहान आहे, सुमारे एक टक्क्याच्या आत-बाहेर, पण आहे. हे आईला कळायला हवं, तुम्हाला कळून पुरत नाही.

‘आई तयार आहे’ हे वाक्य मी रोज ऐकतो आणि त्यावर मी थांबतो. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे, घेणाऱ्यांमध्ये मात्र पुरुष जास्त. २०१४ च्या नियमांतही लिहिलं आहे की दाता बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या माणसाकडून पडताळून घ्यावी. म्हणून मी नवरा, मुलगा, दीर सगळ्यांना बाहेर बसवतो आणि समाजसेविकेबरोबर तिच्याशी बोलतो. कोल्हापूरकडच्या एका बाईंना मी धोक्याचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘वैरणीचा भारा कधीपासून उचलायचा?’ दीड-दोन महिने नाही, म्हटलं, भरलेली कळशी नाही की गॅसची टाकी नाही. मग त्या म्हणाल्या, ‘तेवढे दिवस म्हशी कोण बघणार ते यांना ठरवू दे, मग माझी सही घ्या.’ देणं त्यांनी कधीच ठरवलं होतं. त्यांची अट घराला होती आणि ती अगदी रास्त होती. तुमच्या घरातही हे आधी ठरवा. दोघंही एकाच वेळी अंथरुणाला असणार आहेत. स्वयंपाक, औषधांच्या वेळा, वडिलांच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या पुण्या-कोल्हापूरच्या फेऱ्या, हे कोण करणार? आणि आईला एकांतात नाही म्हणायचं असेल तर तेही म्हणता येतं. हॉस्पिटल अशा वेळी ‘वैद्यकीय कारणाने योग्य नाही’ एवढंच घरच्यांना सांगतं. कारण विचारत बसू नका.

कागदपत्रांना लोक शेवटी हात घालतात आणि तिथेच महिने जातात. १९९४ चा कायदा आणि त्याच्या २०११ च्या दुरुस्तीप्रमाणे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. सून, जावई, मेहुणा, दीर, चुलत-मामे भावंडं यात येत नाहीत. त्यांना देता येतं, पण कमिटीपुढे प्रेमापोटी देतोय, पैशासाठी नाही, हे दाखवावं लागतं आणि पडताळणी लांबते. (विकत घ्यायचा सल्ला देणारा भेटलाच तर, यात पाच ते दहा वर्षांची कैद आहे.) नवरा-बायकोसाठी लग्नाचं प्रमाणपत्र, लग्नाचा फोटो, कुटुंबाचा फोटो, मुलांचे जन्मदाखले मागतात. आता आपल्याकडची खरी अडचण बघा. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचं गावातलं लग्न, नोंदणी केलेली नाही. आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात सासरच्यांनी पहिलं नावही बदललेलं, आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, आणि मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं. समोरच्याला ही एकच बाई आहे हे कागदावर कळायला हवं. जुन्या लग्नाचीही नोंदणी आता करता येते, गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात नगरपालिकेकडे. नावातल्या बदलासाठी राजपत्रात प्रसिद्धी किंवा प्रतिज्ञापत्र, कुठलं चालेल ते हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला आधी विचारून. स्वॅप असेल तर हे दोन्ही घरांचं लागतं, आणि समोरच्या घराचा एक कागद अडला की तुमचीही तारीख जाते. कमिटी घेते त्या मुलाखतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. लग्न कधी झालं, मुलं किती, ऑपरेशनमध्ये काय करणार, कुणी पैसे देऊ केलेत का, असे साधे प्रश्न असतात. पाठ करून जाऊ नका, पाठ केलेलं लगेच ओळखू येतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक हॉस्पिटलचा आकडा वेगळा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लांटची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली, पण हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवं. मुंबईचं केईएम, पुण्याचं ससून, नागपूरचं सुपर स्पेशालिटी ही सरकारी-पालिकेची ठिकाणं आहेत, तिथे खर्च कमी आणि थांबणं जास्त. तपासण्यांचा खर्च योजनेत धरतात का हे आधी विचारा. ऑपरेशनच्या रकमेवर सगळ्यांचं लक्ष असतं, औषधांवर नसतं. शरीराने नवीन किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही औषधं किडनी चालू असेपर्यंत रोज घ्यायची, आणि पहिलं वर्ष सगळ्यात महाग. वडील निवृत्त होणार आहेत, तेव्हा ही औषधं पेन्शनमध्ये बसतात का हा हिशोब आत्ता मांडा. आई केंद्र सरकारच्या नोकरीत असती तर अवयवदात्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

डायलिसिस न करता ट्रान्सप्लांट झालेल्यांत मी एक धोका बघतो. डायलिसिसवर दोन वर्षं काढलेला माणूस टॅक्रोलिमसची वेळ चुकवत नाही, कारण मशीनवर परत जाणं म्हणजे काय ते त्याला माहीत असतं. शाळेतून थेट ऑपरेशनला गेलेल्या माणसाला आजार नीट जाणवलेलाच नसतो. त्याच्या दृष्टीने तो बरा होता आणि आता दिवसातून दोनदा घड्याळ बघून गोळ्या घेतोय, हात थरथरतायत, साखर वाढलीय. तिसऱ्या-चौथ्या वर्षी अशांच्या गोळ्या विसरायला लागतात. म्हणून ऑपरेशनआधी वडिलांना एकदा डायलिसिस सेंटरमध्ये नेऊन आणा, घाबरवायला नको, नुसतं तासभर बसवा. आणि ट्रान्सप्लांट होऊन पाच-सात वर्षं झालेल्या कुणाशी तरी गाठ घालून द्या.

राहिला फिस्टुला. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते चुकीचं नाही. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला दोन-तीन महिने लागतात, आणि तो नसताना डायलिसिसची वेळ आली तर मानेत कॅथेटर पडतो, जो मला सगळ्यात नको असतो. माझा ढोबळ नियम असा: दाता पक्का झाला, कागद पुढे सरकले, तारीख दोन-तीन महिन्यांत दिसतेय, तर फिस्टुला टाळतो. तुमच्याकडे आज यातलं काहीच नाही. ईजीएफआर ११-१२ वर आलं तोवर स्वॅपची जोडी किंवा टायटरचा निर्णय झाला नसेल तर फिस्टुला करून घ्या. तो असल्याने ट्रान्सप्लांट अडत नाही. तोवर डाव्या हातातून (वडील डावखुरे असतील तर उजव्या) रक्त काढू देऊ नका, सलाईनची सुई लावू देऊ नका. लॅबवाल्याला दर वेळी सांगावं लागतं.

पुढच्या आठवड्यात ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलच्या नेफ्रॉलॉजिस्टची (किडनीच्या डॉक्टरची) वेळ घ्या, तुमच्या आत्ताच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. फाईलमध्ये गेल्या दोन-तीन वर्षांचे क्रिएटिनिनचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, जुन्या सोनोग्राफी ठेवा, बायोप्सी झाली असेल तर तिचा रिपोर्ट, तिघांच्या रक्तगटाचे लॅबचे कागद (आठवणीतला गट नको), रक्त कधी चढवलं असेल तर त्याची नोंद, आणि आईची आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला यांची झेरॉक्स. त्या भेटीत तीन गोष्टी मागून घ्या: वडिलांचा अँटी-बी टायटर, स्वॅपसाठी नोंदणी आणि कोऑर्डिनेटरचा नंबर. आईला बरोबर न्या. तिची पहिली तपासणी, म्हणजे बीपी, साखर, लघवी आणि क्रिएटिनिन, त्याच दिवशी होऊन जाते.